पाना-पकड : रुततं ते रिकामं मागचं चाक

गेल्या अंकात अलाइनमेंटवर लिहिलं आणि टपाल आलं ते सगळं टायरचं. पाऊस लागला की दर वर्षी हेच होतं. यातली तीन पत्रं घेतोय. पहिल्याला जागा जास्त जाईल, कारण तोच प्रश्न आणखी सात जणांनी वेगवेगळ्या गाड्यांची नावं घालून विचारलाय.

"काका, नमस्कार. माझ्याकडे २००९ची सिंगल केबिन पिकअप आहे, टू व्हील ड्राइव्ह, मागे पाटे. टायर २१५/७५ आर १५, डिस्कवर (लोखंडी रिमवर) ६ जे कोरलंय, म्हणजे सहा इंच रुंद, पाच बोल्ट. टोमॅटोच्या दिवसांत ओतूरहून नारायणगावच्या मार्केटला रोजची फेरी, एका वेळी पन्नास कॅरेट. रानापासून डांबरीपर्यंत सातशे फूट काळ्या मातीची वाट आहे. यंदा चार वेळा गाडी रुतली, चारही वेळा शेजारच्या ट्रॅक्टरनं टोचन लावून काढली. तो पैसे घेतो आणि वर शहाणपणही शिकवतो. एक मित्र म्हणतो ३१ इंची टायर टाक, गाडी दिसतेही भारी. दुसरा म्हणतो २३५ घाल. तिसरा म्हणतो फक्त मागचे दोन मोठे कर. खर्च एकदाच करायचाय. ता. क. : चारपैकी तीन वेळा रुतली ती रानात जाताना, रिकामी असताना. भरलेली एकदाच." — एक टोमॅटोवाला, ओतूर

भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ता. क.मध्ये टाकलंत. तिन्ही मित्रांना ते सांगितलं नसणार, नाहीतर त्यांचे सल्ले वेगळे आले असते.

रिकामी पिकअप म्हणजे पुढे इंजिन, पुढे केबिन, पुढे ड्रायव्हर, आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर, आणि ओढायचं काम मात्र मागच्या चाकांकडे. बैल पुढे जुंपायचे ते मागे जुंपले आणि त्यांच्या खुरांखाली वजनही ठेवलं नाही, अशी गत. मागचं चाक मातीवर टेकतं, पण दाबत नाही. दाबत नाही म्हणून धरत नाही. त्यात डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला दोन चाकांत जोर वाटणारा गोळा, साधं. एक चाक चिखलात आणि दुसरं जरा बऱ्या जागी असलं की चिखलातलं गरागरा फिरतं आणि बऱ्या जागचं नुसतं बघत बसतं. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. निसटणारं चाक जेवढा जोर घेऊ शकतं तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. मग टायर २१५चा असो की ३१ इंची, हलकं चाक हलकंच राहतं.

भरल्यावर तीच गाडी, तेच टायर, तीच वाट, आणि रुतली फक्त एकदा. पन्नास कॅरेट म्हणजे वीस किलोच्या हिशोबानं हजार किलो, आणि त्यातलं बहुतेक मागच्या एक्सलवर. तुमचा अर्धा इलाज म्हणजे हे वजन.

म्हणून आधी फुकटातलं सांगतो. टोमॅटोला फवारणीचं पाणी लागतंच. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घरच्या विहिरीवर काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, हौद्यात मागच्या एक्सलच्या बरोब्बर वर ठेवून चारी बाजूंनी दोरानं आवळा आणि मग रानात शिरा. तिथे पाणी कामाला येईल आणि येताना गाडीत माल असेलच. ड्रम अर्धा भरू नका. अर्ध्या ड्रममधलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडीलाही तिकडेच नेतं. फळीला टेकवून अगदी मागेही ठेवू नका. एक्सलच्या मागे वजन गेलं की तराजूसारखं पुढचं उचलतं आणि स्टीअरिंग हातात हलकं लागतं. पाणी नको असेल तर मातीच्या चार गोण्या घ्या, जागा तीच.

दुसरी फुकटातली गोष्ट हवा. तुम्ही लिहिलं नाही, पण माझी पैज आहे, मागच्या टायरमध्ये भरलेल्या मालाची हवा बाराही महिने असते आणि रिकाम्या फेरीलाही तीच. रिकाम्या गाडीखाली तो टायर दगडासारखा टणक राहतो, मातीवर अंग टाकत नाही. त्या सातशे फुटांपुरती मागची हवा वीस-बावीस पीएसआयवर आणा. टायर खाली पसरतो, त्याचा ठसा लांब होतो आणि पकड वाढते. तेवढ्या हवेवर गाडी चालण्याच्या वेगानं न्यायची, स्टीअरिंगला झटके द्यायचे नाहीत. डांबरीला लागण्याआधी, आणि माल भरण्याआधी तर नक्कीच, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा परत भरायची. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतलात तर ट्रॅक्टरवाल्याच्या दोन-चार फेऱ्यांत वसूल होईल. एक अट आहे : टायरमध्ये ट्यूब असेल तर हा उद्योग करू नका. कमी हवेत टायर डिस्कवर सरकतो, ट्यूबलाही बरोबर ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. मग चिखलात जॅक लावायची मजा.

तिसरं, हँडब्रेक. एक चाक फिरायला लागलं की हँडब्रेकचे दोन-तीन दात ओढा आणि अगदी हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. फिरणाऱ्या चाकाला थोडा अटकाव झाला की त्याला जोर जास्त लागतो, आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. हँडब्रेक मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमवर काम करतो त्याच गाडीत हे चालतं. काही जुन्या जीपमध्ये तो गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो, तिथे याचा काही उपयोग नाही. जमलं तर दोन-चार सेकंदांत जमतं. नाही जमलं तर थांबा, ब्रेक शू जाळू नका.

आता पैसे घालायच्या गोष्टीवर येतो. तुमच्या काळ्या मातीत टायर मोठा असण्यापेक्षा त्याची नक्षी कशी आहे याला महत्त्व. रस्त्यावरच्या टायरच्या बारीक खाचांत काळी माती दोन फेऱ्यांत बसते, आणि मग तुम्ही टायरवर चालत नाही, मातीच्या गुळगुळीत गोळ्यावर चालता. खाचा रुंद आणि खांद्यापर्यंत उघड्या असल्या की चाक फिरता फिरता माती फेकून देतं. ट्रकवाले पूर्वी पुढे रिब आणि मागे लग घालायचे ते याच हिशोबानं : पुढे वळायला रेघांचा, मागे ओढायला बटनाचा. तुमच्या गाडीला मी हेच करीन. मापात फरक करायचा नाही. मागे दोन बटनाच्या नक्षीचे रेडियल, पुढे आहेत तेच. डांबरीवर थोडा आवाज येईल आणि बटन लवकर झिजेल. ते मान्य करून घ्या.

रुंदीबद्दल लोकांच्या डोक्यात एक गोंधळ असतो. रुंद टायर वाळूत तरंगतो हे खरं. पण वर चार बोटं चिखल आणि खाली कडक तळ असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतो आणि रुंद टायर वरच घसरत राहतो. महायुद्धातल्या विलिस जीपला टायर होता ६.००-१६, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. तुमच्या वाटेला तळ आहे का, ते पहारीनं बघा. वीतभर आत मुरूम लागला तर रुंदीचा विचार सोडा. पहार नुसती आत आतच जात असेल तर टायरवाल्याकडे जाऊ नका, दोन ट्रॉल्या मुरूम टाकून चाकोऱ्या भरून घ्या. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण खरं तेच आहे.

तरी माप वाढवायचंच असेल तर हिशोब समजून घ्या. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या पाऊणपट, डिस्क १५ इंच. पूर्ण उंची येते ७०३ मिलिमीटर. २३५/७५ची येते ७३३. फरक तीस, पण त्यातला अर्धा एक्सलच्या वर जातो. गाडी उचलली जाते पंधरा मिलिमीटर. तुमच्या करंगळीची रुंदी बघा, तेवढीच. ३१ इंचीची उंची ७८७, म्हणजे गाडी बेचाळीस मिलिमीटर वर. एक गोष्ट मात्र खरी, डिफरेन्शियलचा गोळा जमिनीपासून वर उचलतो तो फक्त टायर. पाटा वाढवला, शॅकल (पाटा चेसीला अडकवणारी कडी) लांब केला, तर हौदा उंच होतो. गोळा आहे तिथेच राहतो आणि चाकोरीच्या मधल्या वरंब्याला घासायचा तो घासतोच.

२३५मध्ये स्पीडोमीटर सव्वाचार टक्के कमी दाखवतो. काटा साठवर असताना गाडी खरी बासष्ट-त्रेसष्टनं पळत असते. ३१ इंचीत तोच साठ म्हणजे सदुसष्ट. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून टायर बदलल्यावर लोक येऊन सांगतात, अ‍ॅव्हरेज पडलं. थोडं खरंच पडतं, पण बरंचसं नुसतं कागदावर पडतं. भरलेल्या डिझेलला शंभर किलोमीटर दिसले, तेव्हा गाडी खरी एकशेचार चाललेली असते.

काट्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते चढावर. चाक मोठं झालं की तेवढ्याच इंजिनाला लांब दांडीनं ओझं उचलायला सांगितल्यासारखं होतं. २३५ला जमिनीवरचा जोर चार टक्के कमी होतो. हे जुनं डिझेल इंजिन निभावून नेतं, पहिल्या गिअरला क्लच थोडा जास्त चाटतो एवढंच. ३१ इंचीला तोच जोर दहा टक्क्यांहून जास्त घटतो. हजार किलो मालासह चढावर उभी गाडी उचलताना क्लच प्लेटचा जो वास येतो, तो ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. ब्रेकचंही तसंच, ड्रम तेवढाच, दांडी लांब, म्हणजे थांबायला पाय जास्त दाबायचा.

याचा खरा उपाय क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, बदलणं. विलिसला ४.८८ होतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे, पुढच्या सीजे जीपना ५.३८ही असायचं, ४.८८च्या गाडीला ३१ इंची घालून ५.३८ बसवलं की ओढ जवळपास पहिल्यासारखी होते. तुमच्या गाडीत काय आहे ते बघायचं असेल तर पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड ठेवा. शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी आले तर ४.८८च्या आसपास. एकच चाक वर असताना शाफ्ट निम्मा फिरतो, म्हणून चाकाचे दोन फेरे घ्यायचे. पण क्राउन-पिनियनचा खर्च तुमच्या सातशे फुटांसाठी मी कुणाला सांगणार नाही.

३१ इंचीचं आणखी एक. तो ३१×१०.५० म्हणतात ना, त्याला डिस्क कमीत कमी ७ इंच रुंद लागते. तुमची ६ जे, म्हणजे डिस्क आल्याच. बाजारात मिळणाऱ्या रुंद डिस्क बाहेरच्या अंगाला काढलेल्या असतात. चाक हबपासून दूर जातं, बेअरिंगवर भार वाढतो, स्टीअरिंग खड्ड्यात हातातून ओढतं. डिस्क घ्याल तर बोल्टचं वर्तुळ मोजून घ्या : एक बोल्ट सोडून पुढचा, मध्यापासून मध्यापर्यंत १३३ मिलिमीटर आलं तर ते जीपच्या काळापासून चालत आलेलं साडेपाच इंची वर्तुळ. बसत नाही म्हणून मध्ये स्पेसर टाकून देतो असं कुणी म्हणालं, तर चहा प्यावा आणि निघावं.

२३५ तुमच्या ६ जे डिस्कवर बसतो, अगदी कडेच्या मापात. बसला म्हणजे घासणार नाही असं मात्र नाही. हे मी अंगावर शिकलोय. ओमानमध्ये सहा वर्षं गॅरेजला काम करून १९९६ साली परत आलो, तेव्हा डोक्यात सगळी तिकडच्या टोयोटा हायलक्स पिकअपची हवा. इथे एक जुनी डिझेल पिकअप घेतली आणि तिला मिळाले ते मोठे टायर चढवले. दुकानापुढे स्टीअरिंग इकडून तिकडे फिरवून बघितलं, कुठे घासत नव्हतं. खूश. आठवड्यानं कांदा भरून माळशेज उतरत होतो. भरलेली गाडी, ब्रेकवर नाक खाली गेलेलं, डावं वळण, आणि पुढून खर्र खर्र. ब्रेक दाबला तर गाडी थांबते, पण तिच्या सवडीनं. खाली उतरून कडेला घेतली आणि चाकामागे हात घातला. बंपरच्या ब्रॅकेटच्या कोपऱ्याला रबराचा कीस लागला होता, ओलं खोबरं किसावं तसा, बारीक काळा गुंतवळा, अजून गरम. टायरच्या खांद्यावर बोटभर लांब घळ. आत दोरे दिसत नव्हते एवढंच नशीब. ब्रॅकेट तिथेच हातोड्यानं वाकवलं आणि कल्याणपर्यंत तिसऱ्या गिअरवर गेलो.

तेव्हापासून माझ्याकडे टायरचं माप वाढवलं की परीक्षा भरल्या गाडीवर. पन्नास कॅरेट भरा. पुढचं एक चाक विटांच्या पक्क्या ओट्यावर चढवा, म्हणजे ते चाक कमानीत वर दाबलं जाईल. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. बंपरचा खालचा कोपरा, मडफ्लॅप, आतला पाटा किंवा रॉड, अशा सगळ्या जागी दोन बोटं आडवी गेली पाहिजेत. एक बोट जातंय आणि दुकानदार "चालतंय हो" म्हणतोय, तर ते त्याला चालतंय. मग दुसऱ्या बाजूचं चाक.

फक्त मागचे दोन मोठे केले तर? फोर व्हील ड्राइव्हला हे कधीच करायचं नाही, पुढचं-मागचं एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) खातं. तुमच्या गाडीत पुढची चाकं नुसती वळतात, त्यामुळे यंत्र म्हणून काही अडत नाही. हेडलाइट थोडे खाली बघतील, ते फिरवून घेता येतात. अडतं स्टेपनीवर. मागचा पंक्चर झाला आणि जुन्या मापाची स्टेपनी त्याच एक्सलवर लावली, की दोन चाकं दोन उंचीची. सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरेन्शियलच्या आतले छोटे गिअर थांबतच नाहीत, तेल तापतं. मोठ्या मापाची स्टेपनी घेतली तर हौद्याखालच्या चौकटीत ती मावते का, हे टायर विकत घ्यायच्या आधी टेपनं मोजायचं असतं. लोक नंतर मोजतात.

मागे पाटे वाढवायचा विचार कुणी डोक्यात घातलाच, तर आधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या एक्सलपासून चेसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत स्प्रिंगची दांडी गेलेली दिसली, तर तो व्हॉल्व्ह गाडी किती दबली यावरून मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी पाट्यानं उचललीत की त्याला वाटतं हौदा रिकामाच आहे, आणि हजार किलो असतानाही तो मागचा ब्रेक राखून ठेवतो. हे गॅरेजमध्ये लक्षात येत नाही. उतारावर येतं.

कायद्याचंही थोडं. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं माप लिहिलेलं असतं, आणि आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दर वर्षी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये तेच ठासून सांगितलंय. तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला कंपनी जे माप देते, ते घ्यायला हरकत नसावी, तरी आरटीओत विचारून घ्या. अपघात झाला तर विमावाला सगळ्यात आधी असलंच काहीतरी शोधतो.

आणि टायर कुठलाही घ्या, भिंतीवरचा भाराचा आकडा बघून घ्या. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. दिसायला मोठा पण आकडा लहान असे टायर असतात. मोटारगाडीचे असतात ते, मालाचे नव्हेत. दारावरच्या पट्टीपेक्षा कमी आकडा कधीही नाही.

या हंगामात ड्रम, हवा आणि मागे दोन बटनाचे, एवढं करून बघा. दिवाळीला परत लिहा, कितीदा टोचन लागलं ते. ट्रॅक्टरवाल्याशी संबंध बिघडवू नका मात्र.

"काका, मी मूळचा सांगलीचा, आता अ‍ॅरिझोनात टूसॉनजवळ असतो. १९९१ची टोयोटा पिकअप घेतलीय, टू व्हील ड्राइव्ह, २.४ लिटरचं इंजिन, १४ इंची चाकं, टायर १९५/७५. इथल्या कोरड्या ओढ्यांच्या वाळूत न्यायचीय. फोर व्हील ड्राइव्हच्या टोयोटाची भंगारातली चाकं स्वस्तात मिळताहेत. बसतील?"

नाही बसणार. तुमच्या गाडीला पाच बोल्ट, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर. त्या वेळच्या फोर व्हील ड्राइव्हला सहा, १३९.७वर. ओमानात हायलक्सच्या बाबतीत हाच प्रश्न घेऊन माणसं यायची, स्वस्तात मिळालेली चाकं हौद्यात टाकून. तशीच परत घेऊन जायची.

तुमच्या १९५/७५ आर १४ची उंची ६४८ मिलिमीटर. १५ इंची पाच बोल्टच्या डिस्क मिळाल्या तर २१५/७० आर १५ घाला, उंची ६८२. गाडी सतरा मिलिमीटर वर आणि स्पीडोमीटर पाच टक्के मागे, एवढं ते इंजिन सोसतं. तेही भरल्या गाडीवर दोन बोटांची परीक्षा करूनच. त्याच्यापुढे जायचं म्हणून तिथले लोक पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) पिळून गाडी उंच करतात. तसं केल्यानं नाक वर येतं, पण चाकाला खाली जायची जागा संपते. खड्ड्यावरून गेलं की ठण्ण वाजतं, बॉल जॉइंट तिरके राहतात आणि टायर आतून खाल्ले जातात. टोयोटानंच नंतर, १९९८ मॉडेलपासून, टॅकोमा पिकअपची प्रीरनर काढली : टू व्हील ड्राइव्हच, पण फोर व्हील ड्राइव्हची उंची आणि सहा बोल्ट. उंची हवी असेल तर तुमची विकून ती बघणं स्वस्त पडेल.

रुंदीच्या बाबतीत वाळूचं मात्र ओतूरच्या उलट. इथे टायर पसरलाच पाहिजे. आम्ही ओमानात वाहिबाच्या वाळूत शिरायच्या आधी हवा पंधरा-सोळावर आणायचो, आणि रिकाम्या टू व्हील ड्राइव्हनं तेवढ्यावर बरीच मजल मारायचो. वाळूत ब्रेक मारून थांबायचं नाही, चाकापुढे ढीग होतो आणि तोच ढीग तुम्हाला उठू देत नाही. पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यायची, आणि थांबताना नाक उताराकडे. कॉम्प्रेसर विसरून निघालात तर परतीच्या डांबरीवर टायर शिजतील. आभाळ भरलं असेल तर त्या ओढ्यांत उतरू नका; पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं.

"भाऊ, मी सातारा भागात दूध संकलनाची पिकअप चालवते. मागच्या टायरसाठी एक जण 'नव्यासारखे' टायर निम्म्या किमतीत देतोय, एक माप मोठे. नक्षी छान खोल आहे. घेऊ का?" — एक दूधवाली

ताई, नक्षीकडे नंतर बघा. आधी भिंतीवर लंबगोलात चार आकडे शोधा. २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलेला. एका भिंतीवर नसले तर दुसऱ्या भिंतीवर बघा, ती बाजू लोक मुद्दाम आत करून ठेवतात. सहा-सात वर्षांवरचा असेल तर फुकट दिला तरी मालाच्या गाडीला नको. रबर वाळलेलं असतं. भिंत अंगठ्यानं दाबून वाकवली की बारीक भेगा दिसतात, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या.

मग खाचेत बोट घाला. खाचेच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर आडवे छोटे उंचवटे लागतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर कायद्यानंही बाद. ते उंचवटे बोटाला लागलेच नाहीत आणि खाच मात्र छान खोल आहे, कडा ब्लेडनं कापल्यासारख्या धारदार आहेत, तर तो टायर गुळगुळीत झालेला होता आणि कुणीतरी गरम पात्यानं त्यात नव्या खाचा कोरल्यात. दिसतो नवा, पण खाचेखाली पट्ट्यांपर्यंत रबर किती उरलंय ते देवाला माहीत. पहाटे चारला भरल्या कॅनांसह घाटात आहात तुम्ही, त्यावर भरवसा ठेवू नका.

आणि एक माप मोठे दोनच घेताय, तर स्टेपनीचं काय, ते वर ओतूरच्या पत्रात लिहिलंय. तेवढा भाग नवऱ्याला किंवा ड्रायव्हरला नका वाचायला लावू, स्वतःच टेप घेऊन गाडीखाली वाका. गाडी तुम्ही चालवता ना.